आऱ्याचा बुरखा

वऱ्हाडातल्या मालेगावात वीज आली आणि रहमतुल्ला मिस्त्रीची झोप उडाली. माणूस पन्नाशीला टेकलेला. खाचर असो की छकडा, गाडीच्या कामात पंचक्रोशीत त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. पण रस्त्याच्या कडेला खांब उभे राहिले तसा हा हातातला लाकूड तासायचा वाकस खाली ठेवून तारांकडे टक लावून बसू लागला. त्याचा मेहुणा फय्याज अकोल्याला लाकडाच्या वखारीत मशीनवर होता. त्यानं कानाशी भुणभुण लावली, आणि वऱ्हाडात कापूस फुटायच्या दिवसांत मिस्त्रीच्या कारखान्यात बिजलीचा आरा, म्हणजे विजेवर फिरणारी करवत, येऊन बसला. कारखाना म्हणजे काय, चार लाकडी खांबांवर टाकलेले पत्रे आणि मागं मिस्त्रीचं घर. पण मिस्त्री त्याला कारखाना म्हणायचा, म्हणून आपणही म्हणू.

सोनीबाई तिथं कामाला होती. लाकडं वाहायची, भुसा काढायचा, आणि ओंडका चिरायचा असला की मोठ्या करवतीचं एक टोक धरून ओढायचं. दुसऱ्या टोकाला लखमा सुतार. किन्हीराजाच्या वाटेवर तिचा तांडा होता, तिथून ती रोज चालत यायची. तांड्यातले बहुतेक गडी आणि बायका दिवाळी झाली की मातीकामावर बाहेर जात. यंदाही गेले होते, लांब कुठल्याशा धरणावर. तिचा नवरा धरमसिंगही गेला होता. एरवी तीही गेली असती, पण सासूचे, गोमतीबाईचे, गुडघे धरले होते आणि म्हातारीला घागरभर पाणी आणून देणारं घरात दुसरं कोणी नव्हतं. मिस्त्रीचं काम होतं म्हणून सोनीबाई रोज आपल्या घरी निजत होती. ते सुटलं असतं तर झोपडीला कडी घालून, म्हातारीला शेजाऱ्यांच्या हवाली करून तिला धरणाची वाट धरावी लागली असती. हे तिला पक्कं ठाऊक होतं, आणि मिस्त्रीलाही.

आरा बसवायला फय्याज स्वतः आला. त्यानं आधी मागच्या बाजूला कमरेइतका खड्डा खणायला लावला. त्यात तांब्याची पट्टी उभी केली, भोवती कोळसा आणि मीठ यांचे थर दिले आणि सोनीबाईला वरून घागरी ओतायला सांगितल्या. लखमा हळूच तिला म्हणाला, "पोरी, हे तं करणीचं काम दिसते." फय्याजचे कान तिखट. तो हसला. म्हणाला, "करणी नाही चाचा. बिजली चुकून मशीनच्या लोखंडात उतरली तं तुमच्यात न शिरता ह्या वाटेनं जमिनीत जाते." मग त्यानं सगळ्यांना समोर उभं करून बजावलं. ओल्या हातानं खटक्याला शिवायचं नाही. तारेचं कातडं सोललेलं दिसलं की काम बंद. पात्याखालचा भुसा काढायचा तर खटका पाडायचा, पातं थांबलेलं आपल्या डोळ्यांनी पाहायचं आणि मग हात घालायचा. थांबल्यासारखं वाटलं म्हणून घातला, असं चालायचं नाही. लखमानं प्रत्येक वाक्याला मान हलवली आणि त्यातलं निम्मं तरी त्याला कळलं असावं.

मग आरा सुरू झाला. त्या आवाजानं रस्त्यावरची कुत्री पळाली. ज्या बाभळीच्या ओंडक्याला लखमा आणि सोनीबाई अर्धी सकाळ घालवत, तो ओंडका बघता बघता दोन झाला. मिस्त्रीच्या डोळ्यांत पाणी आलं, ते भुशाचं होतं असं तो नंतर सांगत असे. दुसरा ओंडका जवळून पाहावा म्हणून तो वाकला. त्याच्या खांद्यावर कायम चौकड्याचा रुमाल असायचा. रुमालाचं टोक मोटारीच्या फिरत्या पट्ट्याला लागलं आणि रुमाल गेला. गेला म्हणजे कोणाला दिसलासुद्धा नाही. फय्याजनं खटका पाडला तेव्हा चाकाभोवती त्याच्या चिंध्या गुंडाळलेल्या होत्या. मिस्त्री मान चाचपत उभा होता. रुमाल खांद्यावर नुसता पडलेला होता, गळ्याभोवती नव्हता, एवढंच त्याचं नशीब.

त्या दिवसापासून मिस्त्री बदलला. दुसऱ्या सकाळी तो आला तो बाह्या कोपरापर्यंत गुंडाळून, दाढी मुठीत मावेल इतकी कमी करून. गळ्यातला तावीजही नव्हता. वडिलांनी बांधलेला तावीज होता तो, आंघोळीलाही काढला नसेल. त्यानं फर्मान काढलं, आऱ्याजवळ ज्याच्या अंगावर काही लोंबेल त्याला कारखान्यात जागा नाही. लखमानं मनगटातला काळा दोरा कापला, धोतराचा सोगा घट्ट खोचला. सोनीबाईनं ओढणी कमरेला करकचून बांधली. मिस्त्रीनं सगळ्यांवरून नजर फिरवली आणि ती तिच्या हातांवर येऊन थांबली.

सोनीबाईच्या मनगटापासून कोपरापर्यंत आणि कोपराच्या वर थेट खांद्यापर्यंत चुडा होता. पांढऱ्या, जाड बांगड्या, एकीला एक लागून. लग्नात घातलेल्या. हात हलला की त्यांचा कोरडा, लाकडासारखा आवाज यायचा. चिरलेली फळी आऱ्याच्या पलीकडून ओढून घ्यायची तर तिचे हात पात्यापाशी जाणार होते.

"सोनी, हे काढा लागते," मिस्त्री म्हणाला.

"हे निघत नाही, मिस्तरी."

"तेल लावलं का निघते. घरात जाय, माही बायको लावून देते."

"निघते कसं ते मले बी ठाऊक हाय." सोनीबाईचा आवाज चढला नाही. "पण आमच्यात काढत नाहीत. नवरा गेल्यावरच काढतात."

मिस्त्रीचा चेहरा पडला. तो मागं वळला, पुन्हा पुढं आला. "मी माहा तावीज काढला, बेटी. तुले फक्त दिवसा काढा लागते. संध्याकाळी घालून घरी जाय. एक बांगडी त्या पात्यात अडकली तं हात खांद्यापासून जाईन. ते मले पाहवणार नाही." आणि मग तिच्याकडे न बघता म्हणाला, "नाहीतर मले दुसरं माणूस पाहा लागीन."

माणूस खोटं बोलत असता तर सोनीबाईनं त्याला चार शिव्या हासडल्या असत्या आणि घरची वाट धरली असती. पण तिनं रुमाल जाताना पाहिला होता. मिस्त्रीचं बरोबर होतं, आणि तिचंही बरोबर होतं, आणि दोन बरोबर गोष्टींच्या मध्ये सापडलेल्या माणसानं करायचं काय? तावीज मिस्त्रीचा आणि त्याच्या अल्लाचा मामला होता. चुड्यात मात्र तिचा एकटीचा जीव नव्हता. त्या रात्री ती सासूशी काही बोलली नाही. गोमतीबाईचे हात उघडे होते, कित्येक वर्षांपासून. त्या उघड्या हातांनी म्हातारी तिच्या ताटात भाकरी वाढत होती आणि सोनीबाईनं त्यांच्याकडे बघायचं टाळलं.

सकाळी ती मिस्त्रीच्या घरात शिरली आणि अमिरुन्निसापुढं दोन्ही हात धरले. अमिरुन्निसा जाडजूड, बोलघेवडी बाई, पण त्या दिवशी गोडंतेल लावताना तिच्या तोंडून शब्द फुटेना. एकेक बांगडी सरकवत ती उतरवत गेली. शेवटी म्हणाली, "आमच्यात बी बांगड्या त्याच दिवशी उतरतात वं. मले हे बरं नाही वाटून राह्यलं."  बांगड्यांखालची कातडी गोरी, मऊ, एखाद्या अनोळखी बाईची असावी तशी निघाली. अमिरुन्निसानं चुडा स्वच्छ फडक्यात बांधून फळीवर, कुराणाच्या खालच्या फळीवर ठेवला. तिला त्याहून चांगली जागा सुचली नाही.

खोटं कशाला सांगा, काम सोपं झालं होतं. हात हलके झाले होते. फळी पलीकडून अलगद यायची, ओढायची आणि रचायची. दुपारपर्यंत सोनीबाईला त्या आवाजाची सवय झाली आणि थोडी मजाही वाटू लागली. मजा वाटते आहे हे लक्षात आलं तशी तिला स्वतःची लाज वाटली. मग पुन्हा फळी आली आणि लाजेला वेळ उरला नाही.

त्याच दुपारी तिच्या तांड्यातला लखीराम गाडीच्या चाकाची चौकशी करायला मालेगावात आला. कारखान्याच्या तोंडाशी तो उभा राहिला. आऱ्याचा आवाज असा की स्वतःचं बोलणं स्वतःला ऐकू येऊ नये. त्यानं सोनीबाईची पाठ पाहिली आणि तिचे उघडे हात पाहिले. मनगटापासून खांद्यापर्यंत, दोन्ही. लखीराम मनानं चांगला, पण विचार करायचं काम त्यानं आयुष्यभर दुसऱ्यांवर सोपवलेलं. बाहेरगावची खबर आधी मालेगावात येते, मोटारीनं, मग तांड्यात, हे त्याला माहीत होतं. आणि अशा बाईला जाऊन विचारतो कोण? त्यानं डोक्याचं पागोटं उतरवलं, काखेत धरलं आणि चाक न घेताच उलट पावली निघाला.

संध्याकाळी अमिरुन्निसानं पुन्हा तेल लावून चुडा चढवला. दिवसभराच्या कामानं हात सुजले होते, वरच्या बांगड्या चढेनात. सोनीबाईनं दात आवळले, पण एकही मागं ठेवली नाही. मग ती झपाझप निघाली. उजेड असताना तांडा गाठायचा होता.

तांडा दिसायच्या आधी रडणं ऐकू आलं. बायका गळ्यात गळे घालून मोठ्यानं रडत होत्या. कोण गेलं असेल, ती चालता चालता म्हाताऱ्या माणसांची नावं आठवू लागली. मग तिला दिसलं की गर्दी तिच्याच दारात आहे. मधोमध गोमतीबाई जमिनीवर बसलेली होती, केस सुटलेले, छाती बडवत. "माह्या धरमसिंगा," एवढंच ती म्हणत होती, "माह्या धरमसिंगा." तांड्यातलं बोलणं गोरमाटीत असतं, पण त्या दोन शब्दांना कुठलीही बोली चालली असती.

सोनीबाईच्या हातातली भाकरीची फडकी गळून पडली.  तिच्या मनात एकच गोष्ट आली आणि तीच ती किंचाळून बोलली. "मी मारला त्याले. मी सकाळी चुडा काढला अन् तो गेला." ती मातीत बसली आणि आपले हात जमिनीवर आपटू लागली. कोणी धरलं नसतं तर त्या बांगड्या तिनं तिथंच फोडल्या असत्या.

धरलं ते गोमतीबाईनं. म्हातारी गुडघ्यांवर सरकत सरकत आली. तिनं सुनेचे दोन्ही हात पकडले, आणि पकडल्यावर थांबली. तळहातांना चुडा लागत होता. तिनं मनगटापासून खांद्यापर्यंत चाचपून पाहिलं.

"हा तं हाय," ती म्हणाली. "सोने, चुडा तं हाय. मग त्याची खबर तुले कोनं सांगतली?"

"मले कोनं सांगतली? मी तं आता इथं येऊन ऐकून राह्यली."

"आमाले लखीरामनं सांगतली."

"अन् लखीरामले?"

सगळ्यांची तोंडं लखीरामकडे वळली. लखीराम पागोटं हातात घेऊन उभा होता. तो सोनीबाईकडे बोट दाखवून कसाबसा म्हणाला, "तिच्या हातानं."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. आरा, रुमाल, मिस्त्रीचं फर्मान, तेल. कोणी रडत होतं ते हसू लागलं, कोणी लखीरामच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. तांड्याचा नाईक सेवादास शहाणा माणूस. त्यानं निकाल दिला की मेल्याची खबर ज्यानं आणली त्यानंच जित्याची आणावी, आणि लखीरामला पहाटेच धरणावर पिटाळलं. पण गोमतीबाई हसली नाही. तिचा मुलगा मेल्याची खबर खोटी निघाली होती, पण तो जिवंत असल्याची खबर अजून कोणी दिली नव्हती. लखीराम परत येईपर्यंत सासू-सुना एकमेकींशी जेमतेम बोलल्या. सोनीबाई कामावर गेली नाही. म्हातारी तिला एका शब्दानं टोचून बोलली नाही, आणि सोनीबाईला त्याचाच जास्त त्रास झाला.

लखीराम आला तो पायांना फोड घेऊन. धरमसिंग ठणठणीत होता. वर तिकडची भाकर कच्ची असते अशी तक्रार करत होता. ते ऐकून गोमतीबाई पहिल्यांदा पोटभर रडली.

दुसऱ्या दिवशी दुपारी तांड्यापुढं एक छकडा थांबला. रहमतुल्ला मिस्त्री उतरला आणि त्याच्या मागून अमिरुन्निसा. मिस्त्री गोमतीबाईच्या दारात, उंबऱ्याच्या बाहेरच उकिडवा बसला. 

"गोमतीबाई, लखमानं सांगतलं मले, माह्यापायी तुमच्या दारात काय झालं ते," तो म्हणाला. "तवापासून आरा बंद हाय. मी म्हणत होतो, विकून टाकतो. माह्या बायकोनं मले वेड्यात काढलं."

"काढलंच," अमिरुन्निसा मागून म्हणाली. "मी म्हणलं, कापते कोन, आरा का बाई? जो कापते त्याले झाका. बाईचा चुडा कायले उतरवता, आऱ्याले बुरखा घाला."

"तो घातला," मिस्त्री म्हणाला. "सोनीनं यावं. चुड्यासकट यावं."

सोनीबाईचा जीव उसळला. पण ती काही बोलायच्या आत गोमतीबाई म्हणाली, "आधी मी पाहीन." आणि ती त्याच छकड्यात चढली, दोघींनी दोन बाजूंनी धरून.

कारखान्यात आरा खरंच ओळखू येत नव्हता. रुमाल खाणारा पट्टा आणि चाकं फळ्यांच्या पेटीत बंद झाली होती. पात्यावर सागवानी टोपी बसली होती. लाकूड आलं की ती तेवढीच उचलायची आणि लाकूड गेलं की खाली बसायची. लाकूड पुढं रेटायला मिस्त्रीनं खाच पाडलेला दांडा केला होता. आणि पलीकडे, सोनीबाईच्या बाजूला, लाटण्यासारखे गोल रूळ लावलेला लांब बाक होता. चिरलेली फळी त्यावरून घरंगळत तिच्यापर्यंत येणार होती, तिला पात्याकडे हात न्यायचं कारणच उरलं नव्हतं. फय्याजनं हे पाहून नाक मुरडलं होतं. काम सावकाश होईल, म्हणाला होता. मिस्त्रीनं त्याला अकोल्याची मोटार कधी सुटते ते सांगितलं होतं.

"चालू करा," गोमतीबाई म्हणाली.

मिस्त्रीनं खटका दाबला. आरा गरजू लागला. म्हातारी सोनीबाईचा हात सोडून एकटी पुढं गेली, गुडघे दुखत असतानाही. तिनं आपल्या ओढणीचं टोक हातात घेतलं, आरसे लावलेलं, आणि पट्ट्याच्या पेटीवर टाकलं. मिस्त्रीचा हात खटक्यावरच होता. ओढणी थरथरत होती, पण जागची हलली नाही. म्हातारीनं ती पेटीवरून ओढत बाजूनं नेली, खालच्या कडेनं नेली, फटी शोधल्या. मग टोपीवर टाकली. मग बाकावरून पात्याच्या दिशेनं सोडली, जिथं सुनेचा हात पोचेल तिथपर्यंत, आणि त्याच्याही पुढं. कुठंच काही ओढलं गेलं नाही. तिनं हात वर केला, मिस्त्रीनं खटका पाडला. पातं थांबलेलं सगळ्यांनी आपल्या डोळ्यांनी पाहिलं.

गोमतीबाईनं ओढणी सावरली. मग तिनं सुनेला जवळ बोलावलं, तिचा चुडा घातलेला हात आपल्या उघड्या हातात घेतला आणि बाकाच्या त्या टोकाशी, जिथं तिनं उभं राहायचं होतं तिथं, नेऊन ठेवला. 

"मिस्तरी," म्हातारी म्हणाली, "माहा पोरगा तिकडे धरणावर हाय. त्याले इथं सांभाळा."

मिस्त्रीनं मान हलवली. त्यानं टोपी एकदा वर-खाली करून पाहिली, मग लखमाला पुढचा ओंडका लावायला सांगितला.